नवीन रीफ टँकमध्ये शेवाळ आलंय? आधी ते कुठलं आहे ते बघा

रीफ टँक, म्हणजे कोरल (प्रवाळ) ठेवायचा खाऱ्या पाण्याचा टँक, लावून दीड-दोन महिने झाले की बहुतेक नव्या लोकांकडून एकसारखाच फोटो येतो. पांढरी वाळू तपकिरी झालेली, दगडांवर हिरवी लव आणि खाली प्रश्न, की यावर कुठलं औषध टाकू. माझं उत्तर दरवेळी एकच असतं, अजून काहीच टाकू नका, आधी ते नक्की काय आहे ते ओळखा. कारण हिरव्या केसांसारखं जे शेवाळ असतं त्याला उपाशी ठेवावं लागतं, आणि डिनो म्हणून जो तपकिरी चिकट प्रकार असतो तो पाणी उपाशी ठेवलं की उलट जास्तच वाढतो. एकाचं औषध ते दुसऱ्याचं खत, आणि नव्या माणसाची ओळखण्यात सहज गल्लत होते. मी हे न ओळखता उपाय केला आणि अकरा गोगलगाई घालवल्या, म्हणून एवढं सविस्तर लिहितोय.

माझा टँक न्यू जर्सीत, ४० गॅलनचा, ३६ इंच लांब. दगड सगळा ड्राय रॉक, म्हणजे कोरडा, त्यात जिवंत काही नाही. दोन क्लाउनफिश, एक वॉचमन गोबी, थोडे सॉफ्ट कोरल आणि दोन युफायलिया जातीचे कोरल. आता तिसरं वर्ष चालू आहे आणि पहिल्या वर्षात जवळपास सगळे प्रकार येऊन गेले.

नव्या टँकमध्येच हे एवढं का होतं ते आधी डोक्यात बसू द्या. नांगरून मोकळं ठेवलेल्या रानात पहिला पाऊस पडला की आपण पेरलेलं वर यायच्या आधी तण वर येतं ना, तसंच. जुन्या टँकमध्ये दगडाचा प्रत्येक कोपरा कुणीतरी धरून बसलेला असतो, कुठे बॅक्टेरिया, कुठे गुलाबी-जांभळं कोरलाइन शेवाळ, कुठे बारीक किडे. नव्या कोरड्या दगडावर जागाच जागा, त्यात प्रकाश आहे, माशांचं खाणं आहे, मग जो लवकर वाढतो तो पहिला येऊन बसतो. त्यामुळे शेवाळ आलं म्हणजे तुमचं काहीतरी भयंकर चुकलं असं नाही, ते येणारच आहे, फक्त कुठलं येतं आणि किती दिवस राहतं ते तुमच्या हातात आहे.

पायरी १ – पाणी कुठून येतंय ते बघा

इथे आम्ही नळाचं पाणी सरळ पितो, त्यामुळे मला वाटलं माशांना त्यात काय होणार, आणि जिथून टँक घेतला तिथेही क्लोरीन काढायचं औषध घातलं की पुरे असंच सांगितलं होतं. गोड्या पाण्याच्या माशांना ते चालतं, रीफला नाही. नळाच्या पाण्यात नायट्रेट असतं, सिलिकेट असतं, कधी तांबं असतं, आणि अमेरिकेत बऱ्याच गावांत पाइपातलं शिसं-तांबं पाण्यात उतरू नये म्हणून पाण्यात मुद्दाम फॉस्फेट घालतात. माणसाला ते चांगलं, पण आपल्या टँकमध्ये आपण रोज शेवाळाला खत घालतो. वरून टँकचं पाणी उडतं तेव्हा फक्त शुद्ध पाणी उडतं, बाकी सगळं आत राहतं, आणि आपण ती घट नळाच्या पाण्याने भरत राहिलो तर दर आठवड्याला आतला साठा वाढतच जातो.

म्हणून आरओडीआय, म्हणजे पाण्यातलं जवळजवळ सगळं काढून टाकणारं युनिट. आधी गाळाचा फिल्टर, मग कार्बन, मग मेंब्रेन आणि शेवटी डीआय रेझिन. बाहेर येणाऱ्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचा आकडा) ० आला पाहिजे, २ नाही, ५ नाही, ०. रंग बदलणारं रेझिन घ्या, रंग वरपर्यंत चढला की बदला, कारण रेझिन संपत आलं की सिलिकेटसारख्या गोष्टी सगळ्यात आधी निसटतात, आणि मीटर त्या नीट पकडतही नाही. युनिट चालू केल्यावर पहिल्या काही मिनिटांचं पाणी फेकून द्या, ते खराब असतं. तुमच्या गावात क्लोरीनच्या जागी क्लोरामाइन वापरत असतील (पाणीखात्याच्या वार्षिक रिपोर्टमध्ये लिहिलेलं असतं) तर साधा कार्बन पुरत नाही, क्लोरामाइनसाठीचा वेगळा मिळतो तो लावा.

युनिट घेणं जमत नसेल तर माशांच्या दुकानातून आरओडीआय पाण्याचे कॅन भरून आणता येतात, पण दुकानाचं पाणीसुद्धा घरी येऊन टीडीएस मीटरने मोजा. मीटर अगदी स्वस्तातला असतो आणि ह्या छंदात एवढ्या कमी पैशात एवढं उपयोगी दुसरं काही मिळत नाही.

पायरी २ – दोन आकडे दर आठवड्याला वहीत लिहा

नायट्रेट आणि फॉस्फेट. खारटपणा ३५ पीपीटी (हजारात ३५ भाग) म्हणजे विशिष्ट घनता १.०२६ च्या आसपास, तापमान २५-२६ सेल्सिअस, अल्कलिनिटी ८ ते ९ डीकेएच हे तर आहेच, पण शेवाळाच्या लढाईत हे दोनच महत्त्वाचे. मी नायट्रेट ५ ते १० पीपीएम (दहा लाखांत इतके भाग) आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम ह्यात ठेवतो. फॉस्फेटसाठी रंग जुळवायचे किट नवख्या माणसाला फसवतात, कारण ०.०३ आणि ०.१ मधला निळा डोळ्याला कळतच नाही. हॅना कंपनीचा डिजिटल चेकर घ्या. त्यातला एक मॉडेल फॉस्फरस पीपीबीमध्ये (अब्जात किती भाग) दाखवतो, तो आकडा ३.०६६ ने गुणायचा आणि १००० ने भागायचा, म्हणजे २० आलं तर फॉस्फेट साधारण ०.०६. काचेची बाटली मऊ कपड्याने पुसून मगच आत ठेवा, बोटाच्या ठशानेसुद्धा आकडा बदलतो.

आता सगळ्यात मोठी फसगत इथेच होते. दगडांवर बोटभर लांब केस वाढलेत आणि टेस्टमध्ये नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य, मग लोक म्हणतात माझं पाणी तर एकदम स्वच्छ आहे. पाणी स्वच्छ नाही, जे काही पाण्यात पडतंय ते टेस्ट करायच्या आधीच शेवाळ खाऊन टाकतंय. आकडा म्हणजे फक्त उरलेलं, म्हणून आकडा आणि डोळ्याला दिसतंय ते दोन्ही एकत्र वाचायचं. तारीख टाकून लिहा आणि त्याच दिवशी एकाच जागेवरून फोटो काढा, नाहीतर तीन आठवड्यांनी कमी झालं की वाढलं ते आठवत नाही आणि घाबरून आपण पुढचं औषध विकत घेतो.

पायरी ३ – ओळखा

ह्याला घाई करू नका, दोन दिवस गेले तरी चालेल.

पहिलं बोटाने हात लावून बघा. पिठासारखं असेल, काचेवरून बोट फिरवलं की लगेच निघतं आणि पाण्यात धुरासारखं उडतं, तर ते डायटम. केसासारखे धागे दगडाला घट्ट धरलेले असतील आणि ओढले तर तुटतात, ते हेअर शेवाळ. तसंच पण जरा गडद आणि प्रत्येक धागा नीट बघितला तर पिसासारखा किंवा शेपूच्या पानासारखा फुटलेला असेल तर ब्रायोप्सिस. हिरवे चकचकीत मणी असतील तर बबल शेवाळ. लालसर-किरमिजी मखमली चादर असेल, जी पिपेटने फुंकर मारली की आख्खी पापुद्र्यासारखी उचलली जाते आणि हाताला घाण वास येतो, ते सायनो. आणि तपकिरी, शेंबडासारखे चिकट धागे, टोकाला हवेचे बुडबुडे लटकलेले, तर डिनोचा संशय घ्या.

मग लाईट बंद व्हायच्या आधी रात्री बघा आणि सकाळी लाईट लागायच्या आधी टॉर्च मारून परत बघा. डिनो रात्री बऱ्यापैकी गायब होतात, वाळू सकाळी स्वच्छ दिसते आणि दुपारपर्यंत परत तपकिरी होते. डायटम असे येत-जात नाहीत. सायनोही रात्री थोडं कमी दिसू शकतं, म्हणून ह्या एकाच खुणेवर जाऊ नका.

तरी शंका असेल तर गाळणीची टेस्ट करा, घरातल्या घरात होते. तपकिरी चिकटा थोडा टँकच्या पाण्यासकट एका बाटलीत घ्या, जोरात हलवा म्हणजे सगळं सुटं होईल, मग कॉफीच्या कागदी फिल्टरमधून गाळा आणि गाळलेलं पाणी काचेच्या ग्लासात लाईटखाली तासभर ठेवा. पाण्यात परत धागे-गोळे जमले तर डिनो, कारण ते एकपेशीय जीव कागदातून निसटतात आणि बाहेर आल्यावर पुन्हा एकमेकांना चिकटतात. मी शेवटी मुलीच्या वाढदिवसाला आलेला मायक्रोस्कोप वापरला, ४०० पटीत अगदी स्पष्ट दिसतात, आणि कुठल्या जातीचे आहेत तेही कळतं, ज्याचा पुढे उपयोग होतो.

आता एकेकाकडे.

डायटम – काही करू नका

हे साधारण दुसऱ्या ते सहाव्या आठवड्यात येतात, नव्या वाळूतलं आणि पाण्यातलं सिलिकेट वापरून स्वतःभोवती काचेसारखं कवच बनवतात, सिलिकेट संपलं की जातात. दोन-चार आठवडे वाळू घाणेरडी दिसेल, दिसू दे. टीडीएस ० आहे ना तेवढं बघा, काच पुसा, चार-पाच सेरिथ गोगलगाई सोडा. ह्या वेळी जे लोक घाबरून फॉस्फेट काढायचं मटेरियल भरतात, पाणी रोज बदलतात, त्यांनाच नंतर डिनो येतात असं मी पुष्कळदा बघितलंय, आणि माझंही तेच झालं.

हेअर शेवाळ – हातानेच उपटायचं

बहुतेकांची खरी लढाई ही. औषधाने सुरुवात करू नका, हाताने करा. पाणी बदलायच्या दिवशी एक बारीक एअरलाइन नळी बादलीत सोडा, एका हाताने नळीचं तोंड शेवाळाजवळ धरा आणि दुसऱ्या हाताने उपटा, म्हणजे तुटलेले तुकडे सरळ बादलीत जातात, नाहीतर तेच तुकडे टँकभर पसरून नवीन ठिकाणी रुजतात. जो दगड बाहेर काढता येतो तो काढा, टँकच्याच पाण्याच्या बादलीत जुन्या टूथब्रशने घासा, खळखळून धुवा आणि परत ठेवा. फार चिवट असेल तर दगड बाहेर असताना मेडिकलमध्ये मिळणारं ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड ड्रॉपरने फक्त शेवाळावर सोडा, दोन-तीन मिनिटं फसफसू द्या, मग धुवून ठेवा. कोरलवर पडू देऊ नका. दोन दिवसांत तो भाग पांढरा पडतो आणि गोगलगाई तो आवडीने खातात.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे घ्या. दगडावर झोअँथिड किंवा पॅलिथोआ जातीचे बटणासारखे कोरल असतील तर त्यांच्यापाशी घासाघासी करू नका, आणि कुठलाही जिवंत दगड उकळत्या पाण्यात तर कधीच टाकू नका. त्यांच्यातल्या काहींमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं अतिशय जहाल विष असतं, वाफेतून श्वासात गेलं तर आख्खं घर हॉस्पिटलमध्ये जाऊ शकतं. हातमोजे, डोळ्याला चष्मा, आणि घासायचं काम मुलांच्या जवळ नको.

उपटून झालं की मग अन्न कमी करायचं, पण हळू. गोठवलेले मायसिसचे (झिंग्यासारख्या बारीक जिवांचे) क्यूब सरळ टाकू नका, गाळणीत धरून आरओडीआय पाण्याने धुवून घ्या, त्या बर्फाच्या पाण्यात थोडंफार फॉस्फेट असतं. मासे दोन मिनिटांत खातील एवढंच द्या. दर आठवड्याला १० ते १५ टक्के पाणी बदला, फिल्टर सॉक (पाणी गाळायची कापडी पिशवी) दोन-तीन दिवसांनी धुवा, त्यात अडकलेली घाण तिथेच कुजत राहिली तर सॉकचा काही उपयोग नाही. फॉस्फेट तरीही ०.२ च्या वर असेल तर जीएफओ (फॉस्फेट शोषणारे लोहाचे दाणे) लावा, पण पाकिटावर लिहिलंय त्याच्या पाव भागापासून सुरू करा आणि दर तीन दिवसांनी मोजा. ड्राय रॉकमध्ये पुष्कळदा आधीपासून फॉस्फेट धरून ठेवलेलं असतं, ते महिनोन्‌महिने पाझरत राहतं, म्हणून आज खाली आलेला आकडा पुढच्या आठवड्यात परत वर दिसला तर हताश होऊ नका, दगड रिकामा होतोय. कोरलसाठीही हळूच बरं, फॉस्फेट एकदम पाडलं तर त्यांचे रंग उडतात.

हे सगळं करून फरक दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात. मला नऊ लागले.

ब्रायोप्सिस आणि बबल

ब्रायोप्सिसला उपाशी ठेवून फारसा फरक पडत नाही आणि गोगलगाईही त्याच्याकडे बघत नाहीत. ह्या एका शेवाळाच्या बाबतीत मी औषधाच्या बाजूचा आहे. फ्लुकोनाझोल, म्हणजे माणसांना फंगससाठी देतात तेच, अमेरिकेत टँकसाठी वेगळं पॅक करून मिळतं. लेबलवरच्या मापानेच घाला, टँकच्या फिल्टरमधला कार्बन काढून ठेवा, दोन आठवडे धीर धरा, आणि शेवाळ मरायला लागलं की ते उपसून काढत राहा, नाहीतर तेच कुजून पुढच्या शेवाळाचं अन्न होतं.

बबलचे मणी फोडू नका. नखाने किंवा चिमट्याने बुडापासून सोडवा आणि त्याच नळीच्या युक्तीने बाहेर ओढा. एमराल्ड क्रॅब ते खातो, सगळेच खातात असं नाही, पण एक ठेवून बघायला हरकत नाही.

सायनो – हे शेवाळ नाहीच

सायनो म्हणजे सायनोबॅक्टेरिया, प्रकाशावर जगणारे बॅक्टेरिया. पृथ्वीच्या हवेत ऑक्सिजन पहिल्यांदा साठायला लागला तो ह्यांच्यामुळे, साधारण २४० कोटी वर्षांपूर्वी. आपल्या बुलढाण्यातल्या लोणारच्या सरोवराचं पाणी हिरवं दिसतं तेही ह्यांच्यामुळेच, त्या खाऱ्या अल्कधर्मी पाण्यात जिथे बाकी फारसं कुणी टिकत नाही तिथे हे मजेत राहतात. सांगायचं कारण एवढंच की इतक्या चिवट जिवाला आपण टँकमधून कायमचं हाकलू शकत नाही, फक्त त्याची चादर पसरू नये एवढं बघायचं.

चादर पसरते कुठे, तर जिथे पाणी संथ आहे आणि कचरा साठलाय तिथे. म्हणून आधी वेव्हमेकरची (पाणी हलवणाऱ्या पंपाची) दिशा बदला, दगडामागे पाणी फिरतंय का ते थोडं खाणं सोडून बघा, कण कुठे जाऊन बसतात तिथेच लाल डाग असतील. लाईट बंद झाल्यावर नको, दुपारी, चादर अखंड असताना, नळीने ओढून घ्या, वाळूचा वरचा थर गेला तरी जाऊ दे. नायट्रेट शून्य आणि फॉस्फेट भरपूर असं असेल तरी सायनो फोफावतं, कारण ह्यातल्या काही जाती हवेतलाच नायट्रोजन पकडून वापरतात, बाकीच्यांना तो जमत नाही म्हणून मैदान मोकळं. अशा वेळी नायट्रेट थोडं वर आणलं की फरक पडतो. लाल सायनोवरचं पावडरीचं औषध मिळतं, ते चालतंही, पण त्या दोन दिवसांत पाण्यातला ऑक्सिजन खाली जाऊ शकतो, तेव्हा एअरस्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) लावल्याशिवाय घालू नका, आणि कारण दूर केलं नसेल तर महिन्याभरात परत येतं.

डिनो – इथे सगळं उलटं

कोकणात ऑक्टोबर-नोव्हेंबरनंतर काही रात्री लाटा निळ्या चमकतात, ते नॉक्टिल्युका. ते डायनोफ्लॅजेलेट (डिनो हे त्याचंच छोटं नाव), आणि आपल्या वाळूवरचा तपकिरी शेंबूड हे त्याच मोठ्या कुळातले. एवढंच नाही, कोरलच्या पेशींत राहून त्याला अन्न पुरवणारी झूझँथेली ही पण डायनोफ्लॅजेलेटच. त्यामुळे फक्त डिनो मारून कोरल राखणारं औषध बनवणं अवघड आहे हे लक्षात येईल.

माझ्याकडे काय झालं ते सांगतो. हेअर शेवाळाच्या धसक्याने मी जीएफओ पूर्ण मापाने भरलं, त्यात साखर-अल्कोहोलवर चालणारं नायट्रेट कमी करायचं द्रावणही सुरू केलं, आणि तीन आठवड्यांत दोन्ही आकडे शून्य. मी खूश. शेवाळ गेलं, आणि त्या मोकळ्या जागेत डिनो आले. मी त्यांना डायटम समजलो, पाणी अजून जास्त बदललं, तसे ते अजून वाढले. मग एकेक गोगलगाय काचेवरून खाली पडायला लागली, दोन दिवसांत अकरा गेल्या. काही डिनो विषारी असतात आणि ते खाऊन गोगलगाई मरतात. तपकिरी थर आणि मरणाऱ्या गोगलगाई एकत्र दिसल्या तर टेस्टची वाट न बघता डिनोच समजा आणि हातमोजे घाला.

करायचं असं. जीएफओ, कार्बन डोसिंग (वर सांगितलेलं साखर-अल्कोहोलचं द्रावण) आणि पाणी बदलणं बंद. साधा ॲक्टिव्हेटेड कार्बन मात्र चालू ठेवा, तो विष शोषतो. नायट्रेट ५ ते १० आणि फॉस्फेट ०.०५ ते ०.१ पर्यंत वर आणा, ह्यासाठी बाटलीतले डोस मिळतात, रोज थोडं घालायचं आणि रोज मोजायचं, कारण फॉस्फेट पहिले काही दिवस कोरडा दगडच पिऊन टाकतो आणि आकडा हलतच नाही. सहाव्या-सातव्या दिवशी तो हलायला लागतो. हेअर शेवाळ परत दिसायला लागलं तर ती चांगली बातमी आहे, जागेसाठी कुणीतरी डिनोशी भांडतंय.

मायक्रोस्कोप इथे कामाला येतो. थेंबासारखा आकार, एका टोकाला अडकून जागच्या जागी झोके घेतोय, तर ऑस्ट्रिऑप्सिस. हे रात्री पाण्यात तरंगायला जातात, म्हणून यूव्ही स्टरिलायझर (अतिनील प्रकाशाने पाण्यातले जीव मारणारं यंत्र) लावला तर हमखास पकडले जातात, फक्त त्याचं पाणी सम्पमधून (टँकखालच्या फिल्टरच्या टाकीतून) न घेता सरळ टँकमधून घ्या आणि सोबत तीन दिवस लाईट पूर्ण बंद ठेवा. माझे हेच होते, दहा-बारा दिवसांत वाळू स्वच्छ झाली. आणि लंबगोल, पुढे छोटी चोच असलेले, इकडेतिकडे हिंडणारे असतील तर ॲम्फिडिनियम. ते रात्रीसुद्धा वाळूतच राहतात, यूव्हीचा उपयोग नाही. त्यांच्यासाठी लोक मुद्दाम सिलिकेट घालून डायटम वाढवतात आणि वाळूवर त्यांची गर्दी करून डिनोंना हटवतात, वेळ लागतो पण होतं. दोन्हींमध्ये एक गोष्ट फार मदत करते, ओळखीच्या कुणाच्या जुन्या, निरोगी टँकमधली वाटीभर वाळू किंवा मुठीएवढा दगड आणून ठेवणं. कोरड्या दगडाच्या टँकला जिवांची विविधता कमी असते हेच मूळ दुखणं आहे.

गोगलगाई कुठल्या आणि किती

दुकानात शंभर जीवांचं पॅकेज विकतात, घेऊ नका, नव्या टँकमध्ये एवढं खायलाच नसतं, अर्धे उपाशी मरतात आणि मेलेली गोगलगाय म्हणजे परत फॉस्फेट. ४० गॅलनला मी पाच ट्रोकस, पाच सेरिथ आणि नंतर दोन टर्बो एवढ्यावर भागवलं. ट्रोकस उलटी पडली तर स्वतः सरळ होते, ॲस्ट्रिया होत नाही, तिला रोज हाताने सरळ करावं लागतं. टर्बो सगळ्यात जास्त खाते पण फ्रॅग (कोरलचे लावलेले छोटे तुकडे) पाडत जाते. नॅसॅरियस शेवाळ खात नाही, ती वाळू हलवते आणि उरलेलं खाणं संपवते, तिच्याकडून शेवाळाची अपेक्षा करू नका. हर्मिट क्रॅब शंखासाठी गोगलगाईंना मारतात, ठेवायचेच असतील तर मोकळे शंख टाकून ठेवा. आणि यलो टँग मासा शेवाळ खातो म्हणून तीन फुटी टँकमध्ये आणू नका, त्याला पोहायला निदान चार फूट लागतात, आपल्या शेवाळासाठी त्याला कोंडणं मला पटत नाही.

लाईट आठ तास पुरे, नव्या टँकला पहिले दोन महिने सहासुद्धा, आणि सायकल (सुरुवातीला टँकमध्ये बॅक्टेरिया बसायचा काळ) चालू असताना तर लाईट लावूच नका. पांढरा आणि लाल चॅनल कमी, निळा जास्त. टायमर लावा, हाताने चालू-बंद करू नका.

जे भारतातून वाचतायत त्यांच्यासाठी

स्वयंपाकघरातला आरओ प्युरिफायर म्हणजे आरओडीआय नाही. त्यात बहुतेक वेळा चवीसाठी टीडीएस ॲडजस्टर किंवा मिनरल कार्ट्रिज असतं, त्यातून थोडं कच्चं पाणी किंवा क्षार मुद्दाम परत मिसळतात, त्यामुळे बाहेरचा टीडीएस शून्य येतच नाही. टँकसाठी वेगळं साधं आरओ युनिट घेऊन पुढे डीआय रेझिन जोडून घ्या. टँकरचं किंवा बोअरचं पाणी असेल तर मेंब्रेन लवकर बाद होतं, त्याचा खर्च आधीच धरा. उन्हाळ्यात पाणी २८-२९ च्या वर गेलं की ऑक्सिजन कमी होतो, तेव्हा चिलर किंवा निदान पाण्यावर फॅन लागेलच.

आणि मालवणला किंवा रत्नागिरीला गेलात तर कोरलचा तुकडा, जिवंत दगड असं काही उचलून आणू नका, कुणी विकत देत असेल तरी नको. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात रीफ बांधणारे सगळे कोरल पहिल्या शेड्यूलमध्ये आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत, आणि मेलेला तुकडासुद्धा त्यात धरतात. समुद्री घोडे, सी फॅन, सी कुकंबर ह्यांनाही ह्याच कायद्याचं संरक्षण आहे. सिरॅमिकचा किंवा बनवलेला दगड वापरा, जरा उशिरा बसतो पण बसतो.

सुट्टीला जाताना

हे शेवटी लिहितोय पण नीट वाचा, कारण वर्षभर सांभाळलेला टँक आपण तीन आठवडे इंडियाला गेलो की बिघडतो. पाण्याची घट भरायला ऑटो टॉपऑफ लावा आणि त्याची टाकी भरून, निघायच्या आधी आठवडाभर चालवून बघा. खाणं घालायला जो शेजारी येणार असेल त्याला डबा देऊ नका, प्रेमाने चिमूटभराच्या ऐवजी मूठभर घालतात आणि आपण परत येईपर्यंत दगड हिरवे. औषधाच्या गोळ्यांचे वारांचे डबे मिळतात ते घ्या, प्रत्येक खणात एका दिवसाचं कोरडं खाणं मोजून भरा, मोठ्या माशांना आठवड्यातून चारच दिवस पुरतं, बाकीचे खण रिकामे ठेवा आणि शेजाऱ्यांना सांगा की रिकामा खण आला म्हणजे त्या दिवशी फक्त टँककडे बघून जायचं. लाईट ह्या काळात सहा तासांवर आणा. आल्या आल्या, बॅगा उघडायच्या आधी, स्किमरचा (फेसातून घाण बाहेर काढणाऱ्या यंत्राचा) कप रिकामा करा आणि नायट्रेट-फॉस्फेट मोजून वहीत लिहा.